पीळ अठराचा, शिक्का तिसाचा

माझ्या मावशीला राग यायला कारण लागत नाही, असं आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे. हे साफ खोटं आहे. कारण लागायचं, ते बाकीच्यांना दिसायचं नाही, एवढंच. दवाखान्याच्या पाटीवर वेळ नऊची आणि दार उघडणार साडेनऊला, याचा लोकांना राग येत नसे. मावशीला येई. ती नऊला जाऊन दार वाजवायची आणि साडेनऊपर्यंत वाजवत राहायची. बेकरीवाला अर्ध्या किलोच्या पाकिटात चारशे ऐंशी ग्रॅम भरतो हे तिने घरी मोजलं, आणि मग घरचा काटाच उचलून बेकरीत नेला. आई म्हणायची, "सुंभ जळला तरी हिचा पीळ काही जायचा नाही." त्यावर मावशी म्हणायची, "जाऊन कसं चालेल? पिळाचंच खाते मी."

ते अगदी खरं होतं. रायफलीच्या नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ती एकतीस वर्षं नोकरीला होती. लढाईच्या रायफली नव्हेत, नेमबाजीच्या स्पर्धांत वापरतात त्या. नळी आतून गुळगुळीत नसते. तिच्या आतल्या अंगाला बारीक खाचा असतात, आणि त्या सरळ न जाता वळत वळत जातात, स्क्रूच्या आट्यांसारख्या, पण पुष्कळ सैल. गोळी त्या खाचांत घट्ट बसून पुढे रेटली जाते, म्हणून बाहेर पडताना ती स्वतःभोवती गरगर फिरत असते. फिरणारा भोवरा उभा राहतो आणि थांबलेला आडवा पडतो, तसंच गोळीचं. खाचांच्या या वळणाला कारखान्यात पीळ म्हणत. तीस सेंटिमीटर जाईपर्यंत खाच एक पूर्ण फेरी मारत असेल तर तो तिसाचा पीळ. अठरा सेंटिमीटरमध्येच मारत असेल तर अठराचा, म्हणजे जास्त आवळलेला. लांब, जड गोळीला आवळलेला पीळ लागतो. आखूड, हलक्या गोळीला सैल पुरतो.

मावशी शेवटच्या तपासणीवर होती. तिची खोली लांबट, एका बाजूला खिडक्या, मधे लाकडी टेबल, टेबलावर नळी ठेवायचे दोन घोडे. तेलाचा वास भिंतींत मुरलेला. प्रत्येक नळी तिच्या हातून जायची. ती भोक मोजायची, पीळ मोजायची, नळी दिव्यापुढे धरून आतून बघायची, आणि मन भरलं की पोलादी छापा ठेवून त्यावर हातोडीचा एक ठोका द्यायची. छाप्यावर तिचा आकडा होता, सतरा. शेजारी पिळाचा आकडा वेगळ्या छाप्याने. हे छापे संध्याकाळी कोठीत जमा करायचे आणि सकाळी सही करून घ्यायचे, असा नियम होता. तो तिनेच भांडून आणलेला.

त्या वर्षी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. घरात आम्ही तिघीच. मी टपाल कचेरीत, मला तीन दिवसांपलीकडे रजा नव्हती. मावशीने अकरा दिवसांची रजा घेतली. एकतीस वर्षांतली तिची सर्वांत मोठी रजा ती. अकरा दिवस ती हॉस्पिटलातल्या नर्सशी सलाइनच्या थेंबांवरून भांडली, आईला बरं करून घरी आणलं, आणि बाराव्या दिवशी कामावर गेली. कुणी तिला काही सांगितलं नाही. तिनेही काही विचारलं नाही, कारण विचारायचं काही असेल असं तिला वाटलंच नाही.

सहा महिन्यांनी, दुपारची पाळी सुटताना, फाटकापाशी एक बाई रखवालदाराशी हुज्जत घालत होती. अंगावर बस कंडक्टरचा गणवेश, खांद्यावर तिकिटांची चामडी पिशवी, आणि काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांब. रखवालदार म्हणत होता की तक्रार असेल तर कागदावर द्या. ती म्हणत होती की तीनदा दिली. मावशी थांबली, कारण भांडण चालू असताना नुसतं पुढे जाणं तिला जमायचं नाही.

"काय आहे त्यात?" मावशीने विचारलं.

"नळी आहे. तुमच्या इथलीच." कंडक्टरने चादर सोडली. "हिच्यातून सुटलेल्या गोळ्या कागदापर्यंत पोचत नाहीत."

"गोळी पोचत नाही म्हणजे? मधेच उतरते का?" मावशीचा आवाज चढला. तिने नळी हातात घेऊन उलटी केली आणि तिला शिक्का दिसला. सतरा. "हे बघा. हा माझा शिक्का आहे. माझा शिक्का असलेली नळी चुकत नाही. नेम चुकतो."

"सगळे हेच म्हणाले," कंडक्टर म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "म्हणून मला संघातून काढलं. साठ गोळ्यांपैकी सात कागदावर नाहीत. शेजाऱ्याच्या कागदावरही नाहीत, मागच्या मातीत नाहीत. नेमबाजी मंडळाचे सचिव म्हणतात, घोडा ओढताना मी डोळे मिटते. चौदा वर्षं मारतेय मी. तुमचंच बरोबर असेल. पण मोजून सांगा, नाहीतर मी इथून हलत नाही."

'मोजून सांगा' म्हणणारा माणूस मावशीला एकतीस वर्षांत पहिल्यांदा भेटला असावा. तिने रखवालदाराला बाजूला केलं आणि कंडक्टरला आत नेलं.

पीळ मोजायची रीत सोपी आहे. नळी घोड्यांवर आडवी ठेवायची. साफसफाईची लांब सळई घ्यायची, जिची मूठ एका जागी राहते पण सळई मोकळी फिरते. टोकाला घट्ट बसेल असा चिंधीचा बोळा लावायचा आणि सळई आत ढकलायची. बोळा खाचांत अडकून वळत जातो, त्याच्याबरोबर सळई वळते. सळईला कागदाची चिकटपट्टी झेंड्यासारखी लावली की फेरी डोळ्यांना दिसते. झेंडा वर असताना एक खूण, फिरून पुन्हा वर आला की दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पीळ.

नळीवर शिक्का तिसाचा होता. मावशी ढकलत गेली. झेंडा अर्ध्यावर येईल तेव्हा पंधरा व्हायला हवे होते. तो नऊला अर्ध्यावर आला, आणि अठराला पुन्हा उभा राहिला.

तिने बोळा बदलून पुन्हा मोजलं. मग मोजपट्टी बदलून. तिन्ही वेळा अठरा.

कंडक्टरने मला नंतर सांगितलं, की तिला वाटलं होतं आता ही बाई ओरडेल. मावशी ओरडली नाही. ती स्टुलावर बसली, नळीवरची छोटी तारीख वाचली, आणि बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "मी तेव्हा इथे नव्हते. माझ्या बहिणीच्या पोटाला टाके होते तेव्हा."

मग तिने विचारलं, "गोळी कुठली वापरता? हलकी, पातळ कवचाची? आणि वेग किती?"

"हलकीच. वेग मी जास्त ठेवते, वारा कमी लागतो. यंत्रावर नऊशे साठ मीटर येतो सेकंदाला."

"बाकीचे?"

"बाकीचे सातशे ऐंशीच्या आसपास. त्यांना काही झालं नाही, म्हणून तर सगळे मला हसले."

मावशीने तारखेच्या वहीतला कागद फाडला आणि तिच्यापुढे हिशेब मांडला. गोळी एका सेकंदात नऊशे साठ मीटर जाते. दर अठरा सेंटिमीटरला एक फेरी. म्हणजे नऊशे साठ भागिले शून्य पूर्णांक अठरा: सेकंदाला पाच हजार तीनशे तेहतीस फेऱ्या. मिनिटाला तीन लाख वीस हजार. तिसाच्या पिळातून हीच गोळी याच वेगाने सोडली असती तर सेकंदाला तीन हजार दोनशे, मिनिटाला एक लाख ब्याण्णव हजार. आणि बाकीच्यांच्या सातशे ऐंशी वेगाला, अठराच्या पिळातूनही, दोन लाख साठ हजार.

"पातळ कवचाची गोळी दोन लाख ऐंशी हजारांपलीकडे फिरवू नका, असं तिच्या डब्यातल्या चिठ्ठीवर छापलेलं असतं," मावशी म्हणाली. "ओला टॉवेल गरगर फिरवला की पाणी कसं उडतं, तशी गोळी स्वतःच्याच फिरकीने उडते. तुमच्या सात गोळ्या चुकल्या नाहीत. त्या वाटेत फुटल्या."

कंडक्टरने तीन लाख वीस हजारांच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "दुर्बिणीवर बसलेला माणूस म्हणाला होता, मधेच राखाडी धूर दिसला. सचिव त्याला म्हणाले, तुझ्या डोळ्यात काहीतरी गेलं असेल."

दुसऱ्या दिवशी मावशी कोठीवाल्या काकांकडे गेली. काका सज्जन माणूस. कुणाला दुखवायचं नाही या एका गुणावर त्यांनी सगळी नोकरी काढली होती.

"माझा छापा कुणी नेला?"

काकांनी लपवलं नाही. "साहेबांनी मागितला. मी दिला. मी कोण नाही म्हणणारा?"

"नोंद?"

"ते म्हणाले, नोंद कशाला."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, बरं."

मावशी त्यांना एवढंच म्हणाली, की काका, तुम्हाला मी शिव्या देणार होते, पण तुमच्यात शिवी लागायलासुद्धा काही जागा नाही. हे वाक्य काकांना फार लागलं. ते पुढे महिनाभर आमच्या आईकडे येऊन रडत होते. मला आजही त्यांची दया येत नाही.

साहेबांना कामगार इस्त्रीसाहेब म्हणत. खालच्या मजल्यावर उतरले तरी त्यांच्या बाहीला कधी डाग लागला नाही. झालं होतं ते असं: परगावच्या एका संघाने अठराच्या पिळाच्या त्रेचाळीस नळ्या मागवल्या आणि ऐनवेळी नको म्हणून कळवलं. त्या तपासणीआधीच, बिनशिक्क्याच्या पडून राहिल्या. इथल्या नेमबाजी मंडळाला तिसाच्या नळ्या हव्या होत्या. इस्त्रीसाहेबांनी तिसाचा छापा आणि सतराचा छापा मागवून घेतला, आणि मावशीच्या रजेत त्रेचाळीस ठोके मारून घेतले.

"फिरली थोडी जास्त, तर बिघडलं काय?" ते मावशीला म्हणाले. "कमी फिरली असती तर गोष्ट वेगळी. जास्त म्हणजे चांगलंच की."

"चहात साखर जास्त म्हणजे चांगलीच, मग मीठही जास्त घाला," मावशी म्हणाली. "मला हे लेखी द्या. नळ्या अठराच्या, शिक्का तिसाचा, शिक्का माझा, हात माझा नाही."

"दोन वर्षं राहिलीत तुमची. शांतपणे काढा."

"शांतपणे मी घरीसुद्धा काढत नाही."

"एका बाईच्या सात गोळ्या हुकल्या, त्यासाठी कारखाना हलवणार तुम्ही?"

हे तिने घरी येऊन चहा घेताना सांगितलं. मी तेव्हा जे बोलले त्याची मला लाज वाटते. मी म्हटलं, "मावशी, सोड ना. तुझी काही चूक नाही, हे तुला माहीत आहे. झालं."

तिने कप खाली ठेवला. "तू टपालात पत्रांवर तारखेचा शिक्का मारतेस ना? उद्या कुणी तुझा शिक्का घेऊन मागची तारीख मारली, त्या पत्रापायी कुणाची नोकरी हुकली, आणि लोक म्हणाले की शिक्का तर हिचा आहे. गप्प बसशील?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"मग आत्ता गप्प बस."

आई पलंगावरून म्हणाली, "तिला कशाला ओरडतेस? ओरडायचं तिथे जाऊन ओरड."

मावशी तिथे गेली. नेमबाजी मंडळाची कचेरी दुसऱ्या मजल्यावर, जिन्यात सायकली, बाहेर एक बाक. सचिव हे निवृत्त शिक्षक. पहिल्या दिवशी ते म्हणाले, निर्णय झाला आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, सभेपुढे ठेवू. तिसऱ्या दिवशी मावशी डबा घेऊनच गेली आणि बाकावर बसून जेवली. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला नक्की हवंय काय?"

"रविवारची दुपार. तुमचं मैदान. आणि जुनी वर्तमानपत्रं."

"वर्तमानपत्रं?"

"ज्यांत तिचं नाव संघातून वगळल्याचं छापलंय तीच आणा. रद्दीचा तेवढा तरी उपयोग."

रविवारी मी तिला स्कूटरवरून मैदानावर नेलं. गाव संपतं तिथे एक लांब मोकळी पट्टी, शेवटी मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे निशाणाच्या चौकटी. सचिव आले होते, मंडळाचे चार जण, आणि इस्त्रीसाहेबही. त्यांना कुणी बोलावलं ते कळलं नाही. कंडक्टर सुट्टी घेऊन आली होती, साध्या कपड्यांत. गणवेशाशिवाय ती फारच लहान दिसत होती.

मावशीने लाकडी चौकटींवर वर्तमानपत्रं ताणून लावली. पंचवीस मीटरवर एक, पन्नासवर एक, पंचाहत्तरवर, शंभरवर, आणि मग शेवटी तीनशेवर खरं निशाण. सगळी एका रांगेत, गोळीच्या वाटेत. गोळी मधे असेल तर कागद सांगणार. कागदाला खोटं बोलायचं कारण नव्हतं.

आधी अठराची नळी आणि जलद काडतुसं. कंडक्टर पालथी झोपली, गाल लाकडाला टेकवला आणि एकामागून एक वीस गोळ्या सोडल्या. नळी तापते तशी गोळीची अडचण वाढते, म्हणून मावशीने मधे थांबू दिलं नाही. मग लाल बावटा लागला आणि आम्ही सगळे चालत पुढे गेलो. पंचवीसच्या कागदावर गोल, स्वच्छ वीस भोकं. पन्नासवरही वीस. पंचाहत्तरच्या कागदावर सतरा भोकं, आणि बाजूला तीन राखाडी फराटे, चिखल उडाल्यासारखे, त्यांत बारीक बारीक फाटलेल्या चिरा. शंभरवर चौदा. शेवटच्या निशाणावर चौदा.

सचिवांनी फराट्यावर बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्यांनी ते रुमालाला पुसलं नाही, तसंच धरून उभे राहिले.

"गोळ्या वाईट आहेत," इस्त्रीसाहेब म्हणाले. "नळीचा काय संबंध?"

मी मावशीकडे बघितलं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि ही खूण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती म्हणाली, "हा प्रश्न बरोबर आहे. थांबा."

तिने नवे कागद लावले. तीच नळी, त्याच डब्यातल्या गोळ्या, पण काडतुसात दारू कमी. वेगाच्या यंत्रावर सातशे ऐंशी. वीस सोडल्या, वीस पोचल्या. मग तिसरी खेप: वेग पुन्हा नऊशे साठ, गोळ्या त्याच, पण रायफल दुसरी, मंडळातल्या एका म्हाताऱ्या नेमबाजाची, सात वर्षांपूर्वीची नळी, मावशीनेच तपासलेली, खरा तिसाचा पीळ. वीस सोडल्या, वीस पोचल्या.

मावशीने तिन्ही खेपांचे कागद जमिनीवर ओळीने मांडले आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

"गोळी वाईट असती तर तिसऱ्या खेपेलाही फुटली असती," ती म्हणाली. "ही डोळे मिटत असती तर दुसऱ्या खेपेलाही चुकली असती. राहिलं काय? वेग आणि पीळ. वेगाला पिळाने भागायचं, की फिरकी येते. गणित एका ओळीचं आहे. तुम्ही मास्तर होतात ना?" हे सचिवांना. "तुमच्याकडे चौदा वर्षं येणारी बाई डोळे मिटते असं म्हणालात. भागाकार करायला तुम्हाला कुणी मनाई केली होती?"

सचिव म्हणाले, "नळीवर तीस लिहिलेलं होतं."

"लिहिलेलं होतं," मावशी म्हणाली. "हो. माझ्या नावाने लिहिलेलं होतं." आणि मग ती इस्त्रीसाहेबांकडे वळली, आणि तेव्हा मात्र ती ओरडली. ती काय ओरडली ते सगळं मी इथे लिहीत नाही. शेवटचं तेवढं सांगते. "माझ्याकडून चूक झाली असती तर मी ती मान्य केली असती. तुम्ही माझी चूकसुद्धा माझ्या हातून होऊ दिली नाहीत. ती तुम्हीच माझ्या नावावर करून टाकलीत."

इस्त्रीसाहेब चालत गाडीकडे गेले. मातीत बूट मळू नयेत म्हणून ते गवतावरून वळसा घालून गेले. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

कंडक्टर त्या कागदांपाशी उकिडवी बसली होती. मला वाटलं ती रडत असेल. ती भोकं मोजत होती. "चौदा तरी सगळ्या मधोमध आहेत," ती म्हणाली. "फुटल्या नसत्या तर बाकीच्याही गेल्या असत्या."

यापुढे सगळं सुरळीत झालं असं सांगायला मला आवडलं असतं. त्रेचाळीस नळ्या परत मागवल्या गेल्या. त्यांच्यावरचे शिक्के घासून नवे मारायचं काम वरच्यांनी दुसऱ्या खात्याकडे द्यायचं ठरवलं, तेव्हा मावशी टेबलावर हात ठेवून म्हणाली की एकाही नळीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तिने त्रेचाळीसही पुन्हा मोजल्या, एकेक तीनदा. त्यात एक सोळाची निघाली. म्हणजे परगावच्या संघालाही ती गेली असती तर चुकीचीच गेली असती. त्यावर ती आणखी दोन दिवस धुमसत होती.

इस्त्रीसाहेबांना शिक्षा झाली नाही. त्यांची मुख्य कचेरीत बदली झाली, आणि ती खोली आधीच्यापेक्षा मोठी होती. ही बातमी आली त्या दिवशी मावशी जेवली नाही. आई म्हणाली, "देवाघरी न्याय आहे." मावशी म्हणाली, "देवाघरी कशाला? साहेबाने ठोके इथे मारले ना?"

मंडळाकडून कंडक्टरला पत्र आलं. पत्रात लिहिलं होतं, 'तांत्रिक गैरसमजामुळे आपले नाव वगळले गेले होते, ते पुन्हा समाविष्ट करण्यात येत आहे.' तिने ते मावशीला दाखवायला आणलं. मावशीने चष्मा लावला, दोनदा वाचलं, आणि 'गैरसमजामुळे' या शब्दावर तांबड्या पेनाने काट मारून वर लिहिलं, 'आमच्या चुकीमुळे'. पत्र परत पाठवलं. मीच ते टपालात टाकलं. आठवड्याने नवं पत्र आलं: 'अनवधानामुळे'. पुन्हा काट. तिसरं आलं: 'काही त्रुटींमुळे'. तेव्हा कंडक्टर स्वतः म्हणाली, "पुरे आता. मला नाव मिळालं ना परत."

"नाव मिळालं," मावशी म्हणाली. "पण दोष कुणाचा ते मोकळंच राहिलं. मोकळा दोष तुमच्याच अंगाला चिकटणार. लोकांना तुम्हीच आठवणार."

कंडक्टर म्हणाली, "तुम्हाला एक सांगू? तुम्ही खरं शोधलंत, उपकार आहेत. पण त्या चार महिन्यांत मी घरी बसले होते ना, तेव्हा मलाही वाटायला लागलं होतं की मी डोळे मिटते. आरशापुढे उभी राहून बोट ओढून बघायचे मी. ते कुठल्या पत्रातून परत येणार?"

मावशीने पेनाचं टोपण काढलं आणि तिसऱ्या पत्रावरही काट मारली.

चौथं पत्र सहा आठवड्यांनी आलं. सचिवांनी ते हाताने लिहिलं होतं, मंडळाच्या कागदावर नव्हे, वहीच्या कागदावर, शाळामास्तरी वळणदार अक्षरात. 'चूक आमची होती. मी भागाकार करून पाहायला हवा होता. आपण डोळे मिटत नाही.' मावशीने यात कुठेच काट मारली नाही. फक्त तारीख राहिली होती, ती घालून घ्या म्हणाली.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेला मावशी स्वतः गेली. एकतीस वर्षं नळ्या तपासल्या, पण त्यांच्यातून गोळी सुटताना तिने त्या रविवारआधी कधी बघितली नव्हती, आणि स्पर्धा तर पहिलीच. कानांवर मोठ्या वाट्या लावून ती मागच्या बाकावर ताठ बसली होती. शेजारचा माणूस सारखा बोलत होता; तिने त्याला दोनदा गप्प केलं, तिसऱ्यांदा त्याची जागाच बदलायला लावली. कंडक्टरच्या साठही गोळ्या कागदावर पोचल्या. ती नववी आली.

बाहेर येताना कंडक्टर हसत होती. "तेरावी आणि चाळिसावी, दोन्ही माझ्याच चुकीने कडेला गेल्या," ती म्हणाली. "श्वास सोडला मी."

"मग हसताय काय?" मावशी म्हणाली. "श्वास धरायला शिका."

तिथून बसथांब्यापर्यंत दोघी श्वास कधी धरायचा आणि कधी सोडायचा यावर वाद घालत गेल्या. मावशीने आयुष्यात एकदाही रायफल हातात धरून नेम धरला नव्हता, पण तिचं म्हणणं तिने सोडलं नाही. मी मागून दोघींच्या पिशव्या घेऊन चालत होते.